गंधतुऱ्याचं फूल

माझ्या नाकावर अख्ख्या करंजे पेठेचा विश्वास आहे. मिरची कांडपाच्या डंकात पडायच्या आधी मी नुसती मूठभर उचलून सांगते, ही ब्याडगी यंदाची आहे की शीतगृहातली, खोबरं खवट व्हायला लागलंय का, धन्यांना ओल लागलीय का. आता वासाची यंत्रं निघालीत, फोनला लावायचं एक बोंडूक मिळतं, पदार्थापुढं धरलं की शिळं-ताजं बोलून दाखवतं. बायका ते पर्समध्ये ठेवतात आणि विचारतात मलाच. सांगायचं कारण एवढंच, की मी हुंगण्यात चुकत नाही. त्या फुलाच्या बाबतीतही चुकले नव्हते. चुकले असते तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळ दिवस वाटत होतं.

आमचं घर म्हणजे पुढं मसाल्याचं कांडप आणि मागं राहायच्या खोल्या. मधल्या खोलीत ह्यांची काचेची टाकी. आमचे हे, जयवंतराव, जिल्हा परिषदेत होते. माशांची टाकी म्हणायची आपली, मासे नावाला चार, बाकी सगळी झाडंच. शेजारच्या अक्का म्हणायच्या, "बायको मिरच्या कुटते आणि नवरा पाण्यात शेती करतो." मी त्या टाकीत हात घालायचा नाही, हा घरातला कायदा. एकदा हौसेनं काच पुसायला गेले होते, तर मासे उताणे पडले. हे दोन दिवस जेवले नाहीत. "सुरेखा, तुझा हात तिखटाचा. साबणानं जाणारा नाही तो," म्हणाले. त्यानंतर त्या पाण्याला ह्यांच्याशिवाय दुसरा हात माहीत नव्हता.

ह्यांना वेड एकाच झाडाचं, वायतुऱ्याचं. आपल्या कासच्या पठारावर पावसाळ्यात डबकी साचतात, त्यात येतो तो. पाण्यात लांब पानं, मधून एक दांडा वर, आणि दांड्याला दोन फाटे फुटलेला फुलांचा तुरा. तिथून उपटून आणायची बंदी, आणि आणावासा कुणाला वाटूही नये. ह्यांनी रोपवाटिकेतून प्रयोगशाळेत वाढवलेला कंद आणला होता. त्याच्यासाठी काय काय केलं ह्या माणसानं. नळाचं पाणी जड पडतं म्हणून गच्चीवर पिंप लावून पावसाचं पाणी धरलं. उन्हाळ्यात टाकीवर पंखा, वर दिवा, पाण्यात वायूचे बुडबुडे. मला कधी ताप आला तर गोळी घे म्हणायचे, आणि टाकीचं पाणी तापलं की बर्फ आणायला पळायचे. पानं ही भरघोस यायची. फूल काही येईना.

मग कुणा जाणकारानं सांगितलं, अहो, डबकं आटतं तेव्हा कंद झोपतो. त्याला बाहेर काढा, ओलसर वाळूत गार जागी ठेवा, निजू द्या. ह्यांनी बाकी सगळं सुख दिलं होतं, झोप तेवढी दिली नव्हती. उपटायचा जीवच होत नव्हता. शेवटी काढला, निजवला, पुन्हा लावला, आणि त्या वर्षी पाण्याबाहेर दांडा आला. ह्यांनी सगळ्या गल्लीला पेढे वाटले. मला म्हणाले, "आता गंधतुरा आणायचा."

गंधतुरा म्हणजे काय ते आमच्या ऋजुतानं, लेकीनं, मला समजावलं होतं. तसंच सांगते. माणसाच्या कातडीतून सारखं काहीतरी बाहेर पडत असतं. स्निग्ध पदार्थ, आम्लं, त्यांवर जगणारे जंतू, त्यांनी सोडलेलं आणखी काही. ह्या सगळ्याचं मिश्रण प्रत्येकाचं वेगळं, माझ्या कांदा-लसूण मसाल्यासारखं. जिन्नस तेच, पण माप ज्याचं त्याचं. माणसानं पाण्यात हात घातला की त्यातलं थोडं पाण्यात उतरतं. पाण्यातली झाडं नुसत्या मुळांनी पीत नाहीत, पानांनीही पितात. पुण्याच्या एका प्रयोगशाळेनं वायतुऱ्याच्या गुणसूत्रांत अशी करामत केली, की पान ते जिन्नस ओळखतं, त्यांचं माप कंदात साठवतं, आणि फूल उमललं की त्याच मापानं, पण कितीतरी पट मोठा करून, तोच वास सोडतं. एका बहराला एकाच माणसाचे हात हवेत. दुसऱ्याचे पडले की माप बदलत जातं.

मुलं परदेशात असलेल्या आयांनी ते झाड आधी घेतलं. मग ज्यांचं माणूस जाणार हे ठरलेलं आहे, त्यांनी घेतलं. ह्यांनी घेतलं तेव्हा ह्यांना काही झालेलं नव्हतं. निदान आम्हाला तसं वाटत होतं. वर्षाच्या आत ह्यांच्या उजव्या हाताची थरथर सुरू झाली. कंपवात, पण घराण्यातून येणारा, झपाट्याचा. ह्यांच्या वडलांचे हातही असेच थरथरायचे, तेव्हा त्याला म्हातारपण म्हणायचे. शेवटी शेवटी ह्यांना घास नीट तोंडात जात नव्हता, पण टाकीपाशी खुर्ची ओढून हात पाण्यात सोडून बसायचे. पाण्यात थरथर कमी दिसते म्हणायचे.

मार्गशीर्षात हे गेले. टाकीतली पानं माघात पिवळी पडली.

माणूस गेल्यावर त्याचे कपडे देतात, अंथरूण देतात. मी एक सदरा ठेवून घेतला होता. पण वास उडतो हो. मिरचीसारखा जहाल वास बरणीबाहेर टिकत नाही, तिथं माणसाचा काय टिकणार. ह्यांचा वास मला पाठ होता. वर पाण्याच्या शेवाळ्याचा, खाली अंगाचा, आणि पन्नाशीनंतर त्यात एक नवा आला होता, ओल्या शेंगदाण्याच्या पेंडीसारखा. आधी मला नवल वाटलं, मग सवय झाली, मग आवडायला लागला. पुढं कांडपात असले तरी मागून हे आले की पाठ न वळवता मला कळायचं. तो सदरा आषाढापर्यंत नुसतं कापड झाला असता. म्हणून माझा सगळा जीव त्या कंदात अडकला. पुढच्या बहराला हे येणार, असंच मी धरून चालले होते. सुतक फिटल्यावर लोक देवाला काय काय मागतात. मी एक फूल मागत होते.

ऋजुता पुण्याहून घरी राहायला आली होती. नकाशे करायचं तिचं काम, घरातूनच चालतं. ती मला म्हणाली, "आई, कंद काढायला हवा, नाहीतर कुजेल." मी म्हटलं, तू हात लावू नकोस, मी चिमट्यानं काढते. काढला, पुसला, आणि ठेवला. कसा ठेवला ते ऐका. मी तीस वर्षं मसाला साठवतेय. जे जपायचं ते कोरडं करायचं, चिनी मातीच्या बरणीत घालायचं, वर हिंगाचा खडा ठेवायचा आणि तोंडाला फडक्याचा दादरा बांधायचा. पोरकिडा लागत नाही, वर्षभर बघायला नको. ओलसर वाळू वगैरे ह्यांचं सगळं माझ्या कानावरून गेलं होतं, पण हात आपल्या वळणानंच गेले. दादरा बांधताना मी म्हटलंसुद्धा, आता निवांत झोपा.

ज्येष्ठात ऋजूनं बरणी घेतली आणि कंद टाकीत लावला. मी तिला बजावलं, पाण्यात बोट बुडवायचं नाही. पाणी बदलायचं ते नळीनं, पान काढायचं ते चिमट्यानं. "त्यात बाबा आहेत," मी म्हटलं. तिनं नळी उचलून बाजूला ठेवली. रोज सकाळी मी डंक सुरू केला की ती टाकीचं बघायची. डंकाच्या धडधडीत मला मागचं काही ऐकू यायचं नाही.

श्रावण सरत आला होता. दुपारी भाकरीला बसणार, तर वास आला.

मी ताट सोडून उठले. दांडा वीतभर पाण्याबाहेर आला होता आणि तुऱ्याचे दोन्ही फाटे उमलले होते, फिकट गुलाबी. खोलीभर हे होते. दुसरं कसं सांगू. शेवाळं होतं, अंग होतं, आणि खाली तीच ओली पेंड, अशी दाट की घशात बसली. वर आणखी काहीतरी कोवळंसं होतं, ओळखीचं, पण मी तिकडं लक्ष दिलं नाही. गुलाबजाम खाताना कुणी वेलदोडा शोधत बसत नाही. मी टाकीच्या काचेला कपाळ लावलं आणि म्हटलं, "आलात?" आणि मग मला जे रडू फुटलं, ते हे गेले तेव्हाही फुटलं नव्हतं.

ऋजू दारात उभी होती. "आई, खरंच बाबांचा येतोय?" तिनं विचारलं.

"तुला नाही येत? नाक आहे की भजं?"

ती हसली, पण तिच्या डोळ्यांत मला कळेना काय होतं. जीव भांड्यात पडल्यासारखी दिसली, एवढं खरं.

पुढचे दिवस मी शहाण्यासारखी वागले असं म्हणता येणार नाही. खिडक्या लावून घेतल्या, वास जाऊ नये म्हणून. ह्यांची खुर्ची टाकीपाशी ओढली आणि तिच्याकडं तोंड करून जेवायला बसायला लागले. कोण गिऱ्हाईक आलं, कुणी घासाघीस केली, सगळं सांगायचे. एकदा पाठमोरी असताना वास एकदम दाट झाला आणि मी पदर सावरला, हे मागं येऊन उभे राहिल्यासारखा. वळले तर फूल. अक्का डोकावल्या, नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, "सुरेखा, गेलेल्याला असं अडकवू नये गं." मी म्हटलं, तुमचे हे खाटेवर घोरतायत ना, मग मला नका शिकवू. त्या निघून गेल्या. त्यांचं चुकलं नव्हतं, पण मला त्यांचा रागच आला.

मग डॉक्टर वाईकर आल्या, मसाला न्यायला. ह्यांचं औषधपाणी त्यांच्याकडंच होतं. मी म्हटलं, या, तुम्हाला एक गंमत दाखवते. त्या मधल्या खोलीत आल्या आणि उंबऱ्यातच थांबल्या. मग पुढं होऊन फुलाशी वाकल्या, बराच वेळ.

"सुरेखाताई, हे जयवंतरावांचं?"

"मग कुणाचं. पन्नाशीनंतर ह्यांच्या अंगाला ओल्या पेंडीसारखा यायचा, तोच."

"रागावणार नसाल तर एक सांगते. हा जो पेंडीसारखा वास आहे ना, तो त्यांचा नाही. आजाराचा आहे. पुण्यात आता ह्याच झाडावर तपासणी करतात. हा आजार ज्यांना होणार, त्या सगळ्यांच्या कातडीतून एक विशिष्ट मेणचट पदार्थ सुटतो. हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधीपासून. माणसाच्या अंगावर तो इतका पुसट असतो की एखाद्यालाच कळतो. फुलात मोठा होऊन येतो. तुम्हाला तो अंगावरच यायचा म्हणता, म्हणजे तुमचं नाक विलक्षणच."

नाकाला मिरच्या झोंबाव्यात तसं झालं मला. "तीस वर्षं संसार केला मी त्या माणसाशी," मी म्हटलं. "त्याचा वास कुठला आणि रोगाचा कुठला हे मला कळत नाही होय?"

त्या फुलापासून सरळ झाल्या. "आता औषध आलंय. झालेलं मागं नेत नाही, पण आजार असेल तिथं धरून ठेवतं. मात्र थरथर सुरू व्हायच्या आत सुरू करावं लागतं. ऋजुताला मी मागंच म्हटलं होतं तपासून घे. ती टाळतेय."

"ती म्हणते, कळून काय करू."

"तेव्हा औषध नव्हतं. आता आहे. तुम्ही सांगून बघा." मसाला घेऊन त्या गेल्या.

मी टाकीपुढं बसून राहिले. ज्या वासासाठी मी ताट सोडून उठले, तो म्हणे ह्यांचा नव्हताच. ह्यांना ज्यानं खाल्लं, त्याचा होता. आणि मी त्याच्यापुढं जेवत होते, त्याला दिवसभराच्या गोष्टी सांगत होते. मला किळस आली, आणि किळस आल्याची लाजही वाटली. कारण एवढं कळूनही तो वास मला आवडतच होता.

ऋजू बाजारातून आली ती मला तशी बघून घाबरली. पिशवी तशीच टाकून शेजारी बसली. "काय झालं आई?"

"फुलात बाबा नाहीत," मी एवढंच म्हटलं.

तिचा चेहरा पडला. "तुला कळलं," ती म्हणाली. मला वाटलं, वाटेत तिला डॉक्टरबाई भेटल्या. तर ती खाली मान घालून सांगायला लागली. "मी सांगणारच होते. तू तो कंद हिंगाच्या बरणीत ठेवलास ना, तो पार वाळून सुपारी झाला होता. जिवंतच नव्हता. तुला सांगायचा धीर झाला नाही. मी नवीन कंद मागवून लावला. कोरा. त्याला वासच नसता, आणि तू फुलाची वाट बघत बसलेली. मग मी रोज तुझा डंक सुरू झाला की पाण्यात हात घालून बसायचे. म्हटलं, बाबांचंच रक्त आहे, थोडा तरी त्यांच्यासारखा येईल. आणि तू ओळखलंस की त्यांना. इतकं बरं वाटलं मला. चुकलं माझं, पण तू रडलीस ना त्या दिवशी, मोकळी झालीस..."

ती पुढंही बोलत होती. मला ऐकू येईना. ते वरचं कोवळं, ओळखीचं, ज्याच्याकडं मी लक्ष दिलं नाही, ते मला आता कळलं. तान्ही असताना टाळूला तेल घालून हुंगायचे, तो वास होता तो. आणि त्याच्याखाली, ह्यांचं म्हणून मी कवटाळलेलं, ते.

"आई, रागावलीस?"

"नाही गं," मी म्हटलं. "ये, तेल लावते डोक्याला."

मी हात पीठ लावून परत परत धुतले. ती पाटावर पुढ्यात बसली, लहानपणी बसायची तशी. मी केस बाजूला केले आणि मानेशी वाकले. खोबरेल, घाम, बाजारातली धूळ. आणि फार खाली, पुसट, काल दळलेल्या जात्यात राहतो तेवढा. मी इतके दिवस एकाच घरात तिच्याबरोबर होते, आणि ते फूल ओरडून सांगत होतं, आणि मी त्याला नवरा म्हणत होते.

"आई, मानेवर पाणी पडतंय."

"तिखट गेलं डोळ्यात."

"आज डंक बंद आहे," ती म्हणाली, आणि वळली.

मग मी सांगितलं. डॉक्टर काय म्हणाल्या ते, सगळं. ऋजू हुशार आहे. अर्ध्यातच ती फुलाकडं बघायला लागली.

"तू फुलात बाबांना ओळखलंस," ती म्हणाली.

"हो."

"आणि फूल माझं."

मी मान हलवली. तिनं दोन्ही हात पुढं धरले, बोटं पसरून, डॉक्टर ह्यांना धरायला लावायच्या तसे. हात जागच्या जागी होते. "बघ. हलत नाहीत."

"म्हणूनच आत्ता जायचं."

"मी तुला म्हटलं होतं, मला कळून घ्यायचं नाही. म्हटलं होतं की नाही?"

"म्हटलं होतंस."

"मग का सांगितलंस?"

"औषध नसतं तर नसतं सांगितलं. पोटातच कुटून ठेवलं असतं. आता औषध आहे, तर तू मला जन्मभर शिव्या दे, पण हात शाबूत ठेवून दे."

ती उठून आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. घरात तो वास भरून राहिला होता. खिडक्या मीच लावल्या होत्या, त्या सगळ्या मीच उघडल्या. तरी पडद्यांत, खुर्चीच्या गादीत, ह्यांच्या सदऱ्यात तो बसला होता, आणि आता तो माझ्या लेकीच्या मागं मागं घरभर फिरत होता. मी दांडा कापून टाकायला सुरी घेतली. कापला नाही. फूल कापून वास थांबतो, आजार थांबत नाही.

ऋजू कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली. शेवटी एका सकाळी चपला घालून दारात उभी राहिली. "चल," म्हणाली. पुण्याला आम्ही दोघीच गेलो. रक्तात निघालं ते फुलानं आधीच सांगितलं होतं. औषध सुरू झालं.

ते लागू पडतंय की नाही हे बघायची रीत तीच आहे. दर वर्षी तिनं बहरभर पाण्यात हात घालायचा, कंद निजवायचा, पुन्हा लावायचा, आणि फूल आलं की हुंगायचं. पेंड वाढली तर औषध हरतंय. घटली तर लागू पडतंय. पुण्याचे लोक पाकळ्या यंत्रात घालतात. ऋजू म्हणते, यंत्राचं नंतर बघू, आधी आई. आता कंद मी ओलसर वाळूतच ठेवते. बरण्यांच्या फळीकडं तो नेतही नाही.

यंदाचा दांडा परवा पाण्याबाहेर आला. आज सकाळी फाटे उमलायला लागले तशी मी डंक बंद केला. ऋजू टाकीशी उभी होती, कोपरापर्यंत ओली. तिचे हात मी बघितले, आणि मी बघतेय हे तिनं बघितलं.

"आधी तू," ती म्हणाली.

मी हात धुऊन आले. खुर्ची तिथंच होती, भिंतीवर ह्यांचा फोटो होता. ज्यांच्या एका वासासाठी मी महिनोन्महिने देव पाण्यात घातले होते, त्यांच्याशी इतक्या वर्षांच्या संसारात मी भांडले, अबोला धरला, पण कधी घरात येऊ नका म्हटलं नव्हतं. आज म्हटलं. मनातल्या मनात, ऋजूला ऐकू जाणार नाही असं. अहो, तुम्ही येऊ नका. माझ्यासाठी म्हणूनसुद्धा येऊ नका.

आणि मग मी फुलाशी वाकले.